सदतीस अंशांचा चौकोन

शहराचा कुठला भाग किती तापतो, याचा नकाशा करणं हे माझं काम. उपग्रहाचं चित्र यायचं. त्यातल्या प्रत्येक चौकोनात एक कोरडा आकडा असायचा. सॉफ्टवेअरमध्ये सूत्र घालून त्याचं तापमान काढायचं, मग तिथे झाडी आहे, डांबर आहे की उघडी माती, ते बघून दुरुस्ती करायची. तेच सूत्र, तेच चौकोन, तीच करकरणारी खुर्ची. घरी जाताना रस्त्यावरची माणसंसुद्धा मला लाल-पिवळी दिसायची.

बस डेपोमागच्या मोकळ्या जागेत एक चौकोन होता. उन्हाळ्याच्या चित्रात भोवतालची माती पंचेचाळीसच्या पुढे, आणि तो सदतीस. खाली पाणी मुरत असेल, म्हटलं. मग हिवाळ्याचं चित्र उघडलं. भोवताली चोवीस, आणि तो सदतीसच. जुनी चित्रं काढली, सूत्र पुन्हा तपासलं, दुसऱ्या उपग्रहाची आकडेवारी घेतली. आकडा ढिम्म हलेना.

साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"शेजारच्या चौकोनांची सरासरी घाला तिथे."

"पण साहेब, चूक नाहीये ती."

"म्हणूनच म्हणतो. चूक असती तर खुलासा देता आला असता. तिथे गोदामाचं खोदकाम सुरू होतंय. नसतं झेंगट कशाला?"

मी सरासरी घातली. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं.

घरी मी आणि मावशी, दोघीच. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिचा सगळा जन्म इस्पितळात नर्स म्हणून गेलेला. लसूण सोलता सोलता तिने माझं ऐकून घेतलं.

"सदतीस म्हणजे ताप नाही," ती म्हणाली. "माणसाचं असतं तेवढंच."

"माणूस नाही गं, जमीन आहे."

"बघून तर येऊ."

सुट्टीच्या सकाळी गेलो. थंडीने बोटं आखडली होती. वाळकं गवत, फुटक्या विटा, डेपोची लांब सावली. ऊन अजून तिथवर पोचलं नव्हतं. मावशी वाकली आणि रोग्याच्या कपाळाला लावावा तसा तिने उलटा हात मातीला लावला. मीही लावला. साधी माती, भुसभुशीत, पण उबदार. कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

मावशीने बराच वेळ हात काढला नाही.

"जागं आहे," ती पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. चल, पाय दुखायला लागले."

खोदकाम सुरू झालं. पुढच्या चित्रात तो चौकोन साडेएकोणचाळीसवर गेला होता. शेजारचे सगळे जिथल्या तिथे. मी मावशीला सांगितलं. दुसऱ्या सकाळी ती पिशवीत पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या साडीच्या घड्या भरताना दिसली.

"कुठे निघालीस?"

"ड्यूटीवर."

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. मी रागावून पाहिलं, गयावया करून पाहिलं, शेवटी हात टेकले. एकदा कामावरून परस्पर तिला आणायला गेले. खड्ड्याच्या काठाशी बसून ती ओली घडी मातीवर ठेवत होती. घडी बघता बघता सुकायची. ती उचलायची, भिजवायची, पुन्हा ठेवायची. खोदायचं यंत्र बाजूला बंद उभं होतं.

"ड्रायव्हर कुठे गेला?" मी पहारेकऱ्याला विचारलं.

"सोडून गेला काम." तो मावशीकडे बघत होता. "म्हणतो, यंत्राची बादली जवळ नेली की माती अंग चोरते."

पुढच्या चित्रात अडतीस. त्यापुढच्या चित्रात सदतीस.

त्या संध्याकाळी मी मावशीला ते सांगितलं. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा सैल पडला. तिने चहाचा कप माझ्या हातात दिला, तेव्हा तिची बोटं माझ्या बोटांना लागली.

कप खाली ठेवून मी तिच्या कपाळाला हात लावला. पहाटेच्या फरशीसारखं गार.

"मावशी, बरं वाटतंय ना तुला?"

"मला काय धाड भरलीय?"

मी कपाटातून तिचा जुना थर्मामीटर काढला. तिने मुकाट्याने जिभेखाली धरला. मी तिच्या छातीकडे बघत राहिले. स्वेटर जाड होता. हलतोय की नाही, ते समजेना.

तिने थर्मामीटर काढून खिडकीशी धरला. मला शेजारून दिसत होतं. पारा तळाशीच होता, रेघांच्या खाली.

तिने तो सरावाच्या नजरेने वाचला, झटकला आणि डबीत ठेवला.

"उतरला," ती समाधानाने म्हणाली.