दगडातली मसूर

रविवारी दुपारी जेवणं झाली की श्रीकांत कॉम्प्युटरसमोर बसायचा. घरात इंटरनेट ही सुरतेत तेव्हा नवलाईच होती. मोडेम खरखरायचा, किंचाळायचा, मग एकदाचा गप्प व्हायचा आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उतरू लागायची. चित्र नाही, रंग नाही, नुसती अक्षरं. श्रीकांतला तेवढं पुरे होतं. नोकरी बँकेतली असली तरी त्याचा जीव कॉलेजात शिकलेल्या भूशास्त्रातच अडकला होता, आणि आपल्यासारखे दगडवेडे जगात आणखीही आहेत हे त्याला ईमेलवर चालणाऱ्या एका मेलिंग लिस्टवर कळलं होतं. वडोदऱ्याचा एक इंजिनिअर, नागपूरचे निवृत्त मास्तर, कॅनडातली एक बाई. एखाद्या शंखाच्या जातीवरून ही मंडळी हमरीतुमरीवर यायची, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गळ्यात गळा.

लिस्टवर रविवारचं कोडं असायचं. एकाने आपल्याकडच्या जीवाश्माचं नाव न घेता वर्णन करायचं, बाकीच्यांनी तो ओळखायचा. ओळखेपर्यंत सापडल्याचं ठिकाण सांगायचं नाही. ओळखणाऱ्याला तो दगड टपालाने मिळायचा आणि पुढचं कोडं त्याने घालायचं. असा साधा सरळ खेळ.

पूर्वी सायली मांडीवर बसून हे सगळं बघायची. तिला अक्षरांत रस नव्हता, दगडांत होता. स्कूटरवर पुढे उभी राहून ती बापाबरोबर कामरेजच्या पलीकडे एका ओहोळापर्यंत जायची. फार जुन्या काळी तिथे उथळ समुद्र होता, आणि त्यातल्या चिमुकल्या जिवांच्या गोल, चपट्या कवचांनी तिथले दगड गच्च भरलेले होते. सायली त्यांना मसूर म्हणायची. "बाबा, आज मसूर आणायची ना?" एवढं विचारून ती आधीच चपला घालून तयार असायची.

आदल्या वर्षीच्या पुरात तापी त्यांच्या अडाजणच्या घरात शिरली. त्याची बायको सुरेखा मुलीचा हात धरून जिन्याकडे निघाली होती. पाण्याने ओढ घेतली आणि हात सुटला. पाणी ओसरल्यावर दोघं नदीच्या मुखापर्यंत, डुमसपर्यंत शोधत फिरली. काही मिळालं नाही. नातेवाईक म्हणाले, निदान दिवस तरी करा. सुरेखा म्हणाली, "आधी मला दाखवा ती कुठे आहे. मग करते."

तेव्हापासून तिने दाराला आतून कडी लावणं सोडलं. जेवण सुटलं, इतकी रोडावली की पायातली जोडवीही निसटू लागली. तिने त्यांना दोरा गुंडाळून घेतला. श्रीकांत चिडायचा नाही. मुलगी गेली, आता हिला तरी जाऊ द्यायचं नाही, एवढीच त्याला काळजी होती. राखायला त्याच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं.

मार्चमधल्या एका रविवारी कोडं आलं ते एका नव्या सभासदाचं. नाव नव्हतं, नुसती आद्याक्षरं.

मागे एक गोल, खोल खड्डा. पुढे रुंद आणि उथळ दुसरा. त्याच्या कडेला पाच छोटे खळगे, उतरत्या मापाचे, आणि शेवटचा खळगा शेजारच्यावर चढलेला. मधून एक वाकडी रेघ गेली आहे, तिला आडव्या बारीक रेघा.

मास्तरांनी लिहिलं, गोमेसारखा एखादा प्राणी. वडोदऱ्याच्या इंजिनिअरने किड्याची वाट म्हटलं. कॅनडाच्या बाईने विचारलं, जीव एकच आहे की अनेक?

श्रीकांतने वर्णन पुन्हा वाचलं. सायलीच्या डाव्या पायाची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढलेली होती. त्याच पायाला डुमसच्या वाळूत काच लागून तळव्यावर टाके पडले होते. तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर तिचा पाय धरून ठेवणारा तोच होता.

कुणीतरी क्रूर थट्टा करत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण टाक्यांचं लिस्टवर कुणाला ठाऊक असणार? बऱ्याच वेळाने त्याने टाइप केलं, "लहान मुलीचं डावं पाऊल."

एरवी जरा चुकलं की टर उडवणाऱ्या मंडळींपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही. त्या आद्याक्षरांचं तेवढं उत्तर आलं. बरोबर. दगड पाठवला आहे.

श्रीकांतने पत्ता दिलेला नव्हता.

पार्सल आलं तेव्हा पोस्टमन मगनभाईंना ते दोन्ही हातांनी उचलावं लागलं. "साहेब, आमां शुं छे? पथरा?"

"पथराच," श्रीकांत म्हणाला. पाठवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. शिक्का कामरेजचा होता. तापी कामरेजवरून सुरतेत येते आणि पुढे समुद्राला मिळते. वाहून गेलेलं काही उलटं वर जात नाही, हे तो मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

दगड मसुरीने भरलेला होता. अर्ध्या भागावर पाऊल, अर्ध्यावर वाळलेला चिखल. भिंग घेऊन तो खोट शोधू लागला. पाऊल कुणी कोरलं असतं तर छिन्नीने कवचं कापली गेली असती. इथे एकही कापलेलं नव्हतं. टाचेखालची मसूर दबून आडवी झाली होती. चिखल ओला असताना, पाच कोटी वर्षांपूर्वी, त्यावर भार पडला होता. त्याला दगडावरच रडू कोसळलं.

मग सवयीने घात केला. दगडवेड्याला मळका दगड बघवत नाही. सुरेखा देवळातून यायची होती, तोवर त्याने बादलीत पाणी घेतलं आणि जुन्या टूथब्रशने उरलेला चिखल घासून काढला.

खालून दुसरं पाऊल निघालं. बाईचं. मुलीच्या मागून, त्याच दिशेने निघालेलं. अंगठ्याशेजारच्या बोटाला जोडव्याची खाच होती आणि त्या खाचेत गुंडाळलेल्या दोऱ्याचे वळ स्पष्ट दिसत होते.

"अहो, हे कुठून आलं?"

सुरेखा मागे उभी होती. दगड झाकायला त्याने टॉवेल ओढला, पण फार उशीर झाला होता.

"कामरेजहून," तो म्हणाला. खोटं सुचलंच नाही.

ती खाली बसली. लहान पावलात तिने तळहात ठेवला. "वर गेली होय ती," ती म्हणाली. "आणि आपण खाली शोधत बसलो."

"सुरेखा, हा दगड आहे. फार जुना. याचा आपल्याशी काही संबंध नाही."

"मसूर आणायला गेली असेल." ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा हसली आणि त्या रात्री पोटभर जेवली.

सकाळी ती अंघोळीला गेल्यावर तो दगड गच्चीवर घेऊन गेला. सोबत हातोडी आणि छिन्नी. मोठं पाऊल उडवून टाकायचं, मग बघू, असं त्याने ठरवलं होतं. घाव बसला. अख्खा पापुद्रा निघून आला.

खालचा थर वरच्याहून जुना असतो. त्या थरातही दोन पावलं होती. आता एकामागे एक नव्हती. शेजारी शेजारी होती.

तो जिना उतरून धावला.

दार उघडं होतं. सुरेखाच्या चपला दारातच होत्या.

कोपऱ्यावर मगनभाई सायकल धरून उभे होते. "भाभी तो रिक्षामां गयां. उघाडा पगे. कामरेज, एम कहेतां'तां."

ओहोळ नदीला मिळतो तिथे चिखलात तिची पावलं होती. पाण्याकडे गेलेली. परतीची नव्हती. पोलीस आले, होडी फिरली, गळ टाकले गेले. तिचंही काही मिळालं नाही.

श्रीकांतने बँकेत जाणं सोडलं. घरी बसून त्याने तो दगड पापुद्रा पापुद्रा सोडवला. प्रत्येक थरात दोन पावलं होती. तिसरं तो शोधत होता, ते कुठेच नव्हतं. आपल्याला कुणी हाकसुद्धा मारली नाही, याचं दुःख त्याला त्या दोघी गेल्याच्या दुःखाहून मोठं वाटू लागलं.

लिस्टच्या नियमाने पुढचं कोडं त्याचं होतं. त्याने आपल्याच पावलाचं वर्णन लिहिलं. टाच रुंद, अंगठा आत वळलेला. असा दगड कुणाला सापडला आहे का, एवढंच विचारलं. रविवारमागून रविवार गेले. मास्तरांनी, कॅनडाच्या बाईने, त्या आद्याक्षरांनी, कुणीच उत्तर दिलं नाही.

आता तो रोज सकाळी कामरेजला जातो. ओहोळाच्या तोंडाशी चप्पल काढून चिखलात सगळा भार देऊन पाऊल दाबतो, आणि ते उचलून वाकून बघतो. चिखल हळूहळू वर येतो आणि सपाट होतो. म्हशींच्या खुरांचे ठसे मात्र शेजारी तसेच राहतात.