अर्धं दाबून धर

नियम सोपे होते, म्हणूनच तर डोकं फिरत होतं. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी फोटो हवा: उन्हाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पांढऱ्या भिंतीसमोर, त्याच दिवशी काढलेला, आणि फोटोत चेहरा एकच. मोबाइलचा फोटो चालत नाही, कारण मोबाइल आपल्या मनाने सुरकुत्या पुसतो आणि कार्यालयाची यंत्रणा असे गुळगुळीत म्हातारे परत पाठवते. दाखला मिळाला तर दवाखान्याचं कार्ड चालू राहणार, आणि कार्ड चालू असलं तरच सोमवारी अण्णांच्या हृदयाची झडप बदलणार. मुदत शुक्रवारी दुपारी तीनची. आज मंगळवार होता.

हे सगळं जिच्या गळ्यात पडलं त्या अण्णांच्या धाकट्या मुलीला बाजारात काटेबाई म्हणत. वजनमापे खात्यात ती निरीक्षक होती. दुकानादुकानांतून काटे तपासत हिंडायची, आणि जिभेलाही दोनचार काटे होतेच. यंत्र खोटं बोलत नाही, वाचणारा चुकतो, हे तिचं ठाम मत. अण्णा निवृत्त सरकारी फोटोग्राफर. पस्तीस वर्षं त्यांनी ओळखपत्रांसाठी लोकांचे चेहरे टिपले आणि स्वतः एकदाही समोर बसले नाहीत. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. कुणी विचारलं तर म्हणत, "न्हावी स्वतःची हजामत स्वतः करतो का?"

थोरल्या बहिणीने आपला छोटा डिजिटल कॅमेरा पाठवून दिला आणि मुलगी म्हणून असलेलं सगळं कर्तव्य त्या पाकिटात घालून मोकळी झाली. वर हौसेने त्याची भाषा मराठी करून ठेवलेली. चालू केल्याबरोबर तो म्हणाला, 'स्मृती भरली आहे.'

"माझीपण," अण्णा म्हणाले.

गच्चीवर पाण्याच्या टाकीची भिंत नुकतीच रंगवलेली, पांढरीशुभ्र. तिच्यासमोर खुर्ची ठेवून काटेबाईने अण्णांना बसवलं. साडेअकराचं ऊन असं की कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला फक्त स्वतःचं घामेजलेलं नाक दिसत होतं. बहिणीचे जुने फोटो पुसून, अंदाजाने तिने चार नवे काढले आणि खाली जाऊन संगणकावर पाहिले. भिंतीसमोर एक सदरा बसला होता. सदऱ्याच्या वर पांढरं.

"जळाला," अण्णा पाठीमागून म्हणाले. "आमच्यात जळालाच म्हणतात. सावलीत काळोख झाला तर नंतर उजळता येतो. पण उजेडात जळलेलं परत येत नाही, कितीही डोकं आपट."

तिने तरीही तो पाठवला, कारण सरकारी यंत्रणेला काय कळतंय असं तिला वाटलं. यंत्रणेला कळलं. 'चेहरा आढळला नाही.'

बुधवारी तिने ऑफिसातून अर्धी रजा काढली. अण्णा खुर्चीवरूनच शिकवत होते. उजेड एक घर कमी कर. सूर्य तुझ्या खांद्यामागे राहू दे. डोक्यावर टॉवेल घे म्हणजे पडदा दिसेल.

"एवढं येतंय तर तुम्हीच काढा ना!" ती टॉवेलाखालून ओरडली.

"माझा हात थरथरतो. आणि मी समोर आहे."

तिने उजेड उणे एकवर आणला आणि फोटो काढला. फोटो खरोखर बरा आला. अण्णांचं कपाळ, पांढऱ्या भुवया, वैतागलेले डोळे, सगळं जागच्या जागी. तिने तो पाठवला आणि स्वतःची पाठ थोपटणार इतक्यात उत्तर आलं. 'एकापेक्षा अधिक चेहरे.'

तिने कार्यालयाला फोन लावला. अकरा मिनिटं सनई ऐकून झाल्यावर हयात कक्षातल्या मॅडम बोलल्या. बाई प्रेमळ होत्या, त्याचाच जास्त राग आला.

"फोटो छान आहे हो. फक्त सोबतच्यांना जरा बाजूला उभं करा."

"कुठले सोबतचे?"

"ते नाही का, त्यांच्या डाव्या हाताला, खुर्चीच्या मागे."

"तिथे भिंत आहे, मॅडम."

"हो, भिंतीला लागूनच," मॅडम समजुतीने म्हणाल्या. "उद्या एकट्यांचाच पाठवा."

काटेबाईने फोन ठेवला आणि त्या कक्षाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग शांतपणे विचार केला. सूर्य आपल्या पाठीशी होता, म्हणजे आपलीच सावली भिंतीवर पडली असणार. तिने फोटो मोठा करून पाहिला. सावली नव्हतीच. उलट त्या जागी भिंत किंचित जास्त पांढरी होती. रंगाऱ्याने हात दोनदा फिरवला असेल, झालं.

गुरुवारी ती टॉवेलाखाली शिरली तेव्हा पडद्यावरची पिवळी चौकट, जी चेहरा शोधून त्याला पकडते, ती अण्णांना सोडून त्यांच्या डाव्या खांद्यावरच्या भिंतीला पकडून बसली होती. तिने भिंग पुसलं. खुर्ची चार हात उजवीकडे सरकवली. चौकट दोन क्षण हरवली आणि पुन्हा अण्णांच्या डाव्या खांद्याशी येऊन थांबली.

"अण्णा, हलू नका हो!"

"मी कुठे हलतोय?"

पण ते सरकून बसले होते. बसमध्ये शेजारच्याला जागा करून द्यावी तसे खुर्चीच्या उजव्या कडेला, आणि डावा हात त्यांनी मांडीवर घेतला होता.

"असे काय बसलात?"

"बरं वाटतं," अण्णा म्हणाले. त्यांनी डावीकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी तिने पाठवायचं सोडून तपासणीच केली. काटा संशयास्पद वाटला की ती ठरलेली वजनं एकामागोमाग ठेवून बघे. तसाच तोच फोटो तिने उणे एक, उणे दोन, उणे तीनवर काढला. संगणकावर तिन्ही शेजारी मांडले. उजेड उतरत गेला तसे अण्णा काळवंडत गेले, सदरा राखाडी झाला, भिंत संध्याकाळसारखी झाली. खांद्याजवळचा तो जास्त पांढरा पट्टा उतरला नाही. तिन्ही फोटोंत तो तेवढाच उजळ होता, एका आकड्याचाही फरक नाही. उणे तीनच्या काळोखात त्याची कड स्पष्ट दिसत होती. वर गोल, खाली रुंद होत गेलेली.

तिने बुधवारचा फोटो उघडून पाहिला. तेव्हा तो पट्टा खुर्चीमागे होता. आज खुर्चीच्या हाताला टेकला होता.

ती घाबरली, हे तिने स्वतःशी कबूल केलं. पण घाबरून झडप बदलत नाही. कॅमेऱ्यात दोष आहे असं ठरवून तिने तो बंद केला. दुसरा कॅमेरा आणायला शेजारी, ऑफिसात, सगळीकडे विचारून पाहिलं. सगळ्यांकडे मोबाइल होते.

शुक्रवारी सकाळभर ढग होते. ऊन पडलं ते दुपारी दोनला, आणि पडलं ते असं की गच्चीवर डोळे उघडवेनात. अण्णांना जिना चढताना तीनदा थांबावं लागलं. ओठ निळसर दिसत होते. सोमवार चुकला तर पुढची तारीख दोन महिन्यांनी होती, आणि दोन महिने त्यांच्याकडे नव्हते. हे दोघांनाही ठाऊक होतं.

दोन पंचवीस. फोटो जळाला.

दोन तेहेतीस. अण्णा काळे, भिंत बरोबर.

दोन एकेचाळीस. चौकट त्यांच्या गालाला चिकटून होती, पण गालावर नव्हती.

"तुम्हीच सांगा आता काय करू!" तिचा आवाज चिरकला. "तुमची विद्या आहे ना ही?"

अण्णांनी नेहमीचं सांगितलं, नवशिक्यांना सांगत तसं. "कडक उन्हात सगळ्यात उजळ जागेवर माप घ्यायचं. बटण अर्धं दाबून धरायचं, म्हणजे माप अडकून राहतं. मग तसंच माणसाकडे वळायचं आणि पूर्ण दाबायचं."

तिने कॅमेरा त्यांच्या डाव्या खांद्याकडे वळवला.

"तिथून नको."

"सगळ्यात उजळ जागा तीच आहे."

"ती जागा नाहीये," अण्णा म्हणाले.

"अण्णा, पंधरा मिनिटं उरलीत!"

तिने पिवळ्या चौकटीवर बटण अर्धं दाबलं. चौकट लगेच हिरवी झाली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बोट न हलवता ती अण्णांकडे वळली. हिरवी चौकट सोबत आली आणि त्यांच्या चेहऱ्यावर अलगद बसली.

तिने पूर्ण दाबलं.

असा फोटो तिने कधी पाहिला नव्हता. एकेक पापणी मोजता येत होती. खांद्याजवळचा पांढरा पट्टा कुठेच नव्हता. भर उन्हात कपाळावर एक ठिपका जळालेला नव्हता, आणि अण्णांच्या तोंडावर ओळखपत्राच्या फोटोत कुणाच्याच नसतो असा निवांतपणा होता. वेळ वाचवायला संगणक जिन्यात आणून ठेवला होता, तिथेच बसून तिने तो पाठवला. दोन अठ्ठावन्नला मॅडमचाच फोन आला.

"झालं हो. हयात म्हणून नोंद झाली. आज अगदी एकटेच आलेत."

काटेबाई जिन्यातच रडली, मग हसली, आणि धावत वर आली. अण्णा खुर्चीतच होते.

"मंजूर! आता घरासाठी एक काढते. बसा तसेच."

"पुरे," अण्णा म्हणाले.

ती टॉवेलाखाली शिरलीसुद्धा होती. पडद्यावर ते उठताना दिसले. हाताचा आधार न घेता उठले आणि पडद्याबाहेर गेले. पायऱ्यांवर त्यांच्या चपला वाजल्या. न थांबता, एका दमात, खालपर्यंत.

पिवळी चौकट त्यांच्यामागे गेली नाही.

ती खुर्चीवर होती. बसलेल्या माणसाचा चेहरा येतो तेवढ्या उंचीवर.

काटेबाईने टॉवेल वर केला. ऊन, भिंत, रिकामी खुर्ची. तिने टॉवेल पुन्हा ओढून घेतला. चौकट तिथेच होती.

"येतेस ना गं?" खालून हाक आली. आवाज अण्णांचा होता, दम न लागलेला. "झालं ना माझं काम?"

तिचं बोट बटणावर होतं, ते तिच्या नकळत दाबलं गेलं. फोटो निघाला, आणि पडद्यावर खुर्चीच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ उमटली.

'डोळे मिटले आहेत. पुन्हा फोटो घ्यायचा?'