तिसरी पुकार

शिंदीच्या झाडाखाली चंचल विळा घेऊन उड्या मारत होती. उद्या झावळ्यांचा रविवार, आणि सौंदडच्या त्या छोट्याशा चर्चमध्ये अजून एकही झावळी आली नव्हती.

"आमच्या बांधावर कायले नाचून राहिली?" मागून आवाज आला. शेतमालकाचा मुलगा, नीलेश.

"चर्चच्या मिरवणुकीले पायजेत. देतोस का उगाच बोलतोस?"

"देतो... पर मीबी येईन पाहाले."

आला! आणि मग वर्षभर एकही रविवार चुकला नाही. सगळे प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे गेले की शेवटच्या बाकावर ख्रिस्ती नसलेला तो एकटाच उरायचा, आणि पेटी वाजवत ती. तेवढ्या वेळात दोघं एकमेकांकडे पोटभर बघून घेत.

उन्हाळ्यात चंचलच्या बापानं, ईश्वरदासनं, तिचं लग्न राजनांदगावच्या शमुवेलशी ठरवलं. चंचल नीलेशला बांधावर गाठून म्हणाली, "लग्नाआधी तीन रविवार पाद्रीसाहेब चर्चात नवरा-नवरीची नावं पुकारते. कोणाची हरकत हाय का, इचारते. तिसऱ्या पुकारीले तू फकस्त उभा राहा. बाकी मी बोलीन."

"आन् माह्या बापानं घरातून काढलं तं?"

"तं माह्यासंग राहजो."

तो हसला. "राहीन उभा... तुही शप्पत."

तिसऱ्या रविवारी म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांनी दोन्ही नावं वाचली. "ही शेवटची पुकार. हे लग्न होऊ नये असं कारण कोणाला ठाऊक असेल, तर त्यानं आता सांगावं."

शेवटचा बाक करकरला. नीलेश उभा होता! चंचलही पेटीमागून उठू लागली... सगळ्या माना मागे वळल्या. ईश्वरदासचीही.

"काय रे बाबा?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

नीलेशनं ओठांवरून जीभ फिरवली. "काही नाही जी... मागं आयकू नाही आलं."

आणि तो खाली बसला.

"बरं केलंस, सांगितलंस," असं म्हणून त्या भल्या माणसानं चष्मा सावरला, आणि चंचलचं नि शमुवेलचं नाव, आईबापांच्या नावांसकट, पुन्हा वाचलं. खणखणीत आवाजात. हरकतही पुन्हा विचारली.

चंचलला रडू आलं नाही. चीड आली, त्याची आणि वर्षभर त्या बाकाकडे बघत बसलेल्या स्वतःची. बोलायचं ती म्हणाली होती खरी, पण आता कोणासाठी बोलायचं?

"गीत घे, बेटा," पाद्रीसाहेब म्हणाले.

तिनं पेटीचा भाता ओढला.