अळूवर आलेला आळ

मंगळवार, सकाळी सव्वानऊ. टोंगातल्या वावाऊ बेटावरच्या एका लहान दवाखान्यात पाच विणकरणी एकदमच आल्या. पाचींचं तोंड आलं होतं.

"रविवारच्या गावजेवणातलं अळू," त्यांना घेऊन आलेली त्यांची प्रमुख कालोलाइने म्हणाली. तिच्या तोंडाला काही झालं नव्हतं. "वाईमोआनाने कच्चं ठेवलं. चर्चमध्ये सगळ्यांसमोर माफी मागावी, नाहीतर चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली द्यावी."

स्वयंपाकीण वाईमोआना दारातच उभी होती. "किल्ली देणार नाही. माफी तर नाहीच नाही."

"अळू भट्टीत किती वेळ होतं?" नर्स लोसालिनेने विचारलं.

"पहाटेपासून प्रार्थना सुटेपर्यंत. खाजरं अळू वाढायला मी काय काल चूल पेटवायला शिकले, सिस्टर?"

"जेवलं कोण कोण?"

"अख्खं गाव. पुरुषांनी तर दोनदा घेतलं. विचारा कुणाचं तोंड आलंय!"

लोसालिनेने टॉर्चने एकेकीचं तोंड पाहिलं. घसा, जीभ स्वच्छ. फोड फक्त डाव्या गालाच्या आणि ओठाच्या आत. पाचींतल्या फिफिताला मात्र उजवीकडे.

"तू डावरी ना गं?"

"हो. का?"

लोसालिने थेट विणकामाच्या पडवीत गेली. बायका मागोमाग आल्या आणि कामाला बसल्या. शनिवारी लग्न होतं, त्यासाठीची चटई अर्धीच झाली होती. केवड्याच्या पानांची एक पट्टी विणताना दुसरी दातांत धरायची, ही तिथली रीत. कालोलाइनेची पट्टी तेवढी पायाच्या अंगठ्याखाली होती. लोसालिनेने एक पट्टी हुंगली.

"अळू खाजलं असतं तर आधी घसा खाजला असता, आणि पुरुषांचाही. फोड आलेत ते पट्टी धरता तिथेच. डावरी ती उजवीकडे धरते. पानं पांढरी व्हायला समुद्रात दहा दिवस भिजवायची असतात. या पट्टीला समुद्राचा वास नाही, कपड्यांच्या ब्लीचचा आहे. कालोलाइने, तुम्हाला हे ठाऊक होतं. म्हणून तुमची पट्टी दातांत नाही."

कालोलाइनेने मान वर केली. "भिजवलेली पानं भरतीत वाहून गेली. लग्न काय उघड्या जमिनीवर लावायचं?"

"आणि आळ माझ्यावर घ्यायचा?" वाईमोआना म्हणाली.

लोसालिने बायकांकडे वळली. "पट्ट्या टाकून द्या. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा. तिखट, आंबट, गरम नको. दोन आठवड्यांत बरं नाही वाटलं तर मोठ्या दवाखान्यात जा."

गुरुवारी संध्याकाळी पाचपैकी चौघींचं दुखणं कमी होतं. किल्ली वाईमोआनाच्या कमरेला होती. लग्नाचं जेवण तिच्याकडेच आहे. चर्चमध्ये सगळ्यांसमोर माफी मिळाल्याशिवाय भट्टी पेटणार नाही, असं तिने कळवलंय.

कालोलाइने अजून चर्चकडे फिरकलेली नाही.