दोन ते तीन, दुसऱ्यांदा

त्या दोघांची गाठ पडली ती एका इस्त्रीमुळे.

जहाज सुटायला अजून अडीच तास होते. प्रवासी कंपनीची ताई आपल्या बत्तीस माणसांची यादी छातीशी धरून वरच्या डेकवर उभी होती आणि तेवढ्यात स्पीकरवर तिच्या गटाचा नंबर पुकारला गेला. सामान तपासणीच्या खोलीत यावं म्हणे. गट घेऊन निघायची तिची ही पहिलीच वेळ. निघताना साहेब हसत हसत म्हणाले होते, “बत्तीस नेताय, बत्तीसच परत आणा. एकतीस आणलेत तर तुम्हीही तिकडेच राहा.” ते हसणं तिला मुळीच आवडलं नव्हतं.

दोन वेळा चुकीचा जिना उतरून ती एकदाची त्या खोलीत पोचली. फळीवर किटल्या, मेणबत्त्या आणि लांबलचक वायरींचे बोर्ड ओळीने मांडून ठेवले होते. एका उघड्या बॅगेशेजारी एक उंच, सडपातळ माणूस मान खाली घालून उभा होता. वर्गाबाहेर काढल्यासारखा.

“ही इस्त्री तुमची?” ताईने विचारलं.

“आत्याची.”

“आमच्या पुस्तिकेतली सूचना क्रमांक सात वाचली नाहीत का?”

“वाचली ना! ‘इस्त्री, किटली, मेणबत्ती घरीच ठेवावी, जहाजावर आगीचं भय फार.’ पाठ आहे मला. आत्यालाही मोठ्याने वाचून दाखवली.”

“मग?”

“आत्या म्हणाली, ही इतरांसाठी आहे.”

ताईला हसू फुटलं. ते तिने यादीआड लपवलं, पण डोळे उघडेच राहिले ना! तिथल्या कर्मचाऱ्याने इस्त्रीला चिठ्ठी बांधली, उतरायच्या दिवशी परत मिळेल म्हणून सांगितलं.

“आणि औषधं, चष्मा, संध्याकाळचे कपडे हातातल्या पिशवीत आहेत ना? मोठी बॅग केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होते,” ताई म्हणाली.

“सूचना क्रमांक तीन. आहेत. फक्त...” तो जरा घुटमळला.

“फक्त काय?”

“पुस्तिका वाचून वाटलं होतं, लिहिणाऱ्या बाई साठीच्या असतील—आणि रागीट.”

ती पुस्तिका म्हणजे ताईचा जीव की प्राण. एकोणपन्नास सूचना! बॅगेत काय भरावं, बंदरात कसं फिरावं, जेवणाच्या हॉलमध्ये काय करावं, सगळं तिने दहा जणांना विचारून, वीस ठिकाणी वाचून लिहिलं होतं. तिने स्वतः जहाज तोवर चित्रातच पाहिलं होतं, पण ते काही तिने पुस्तिकेत लिहिलं नव्हतं.

आत्या होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी ताईचं बारसं केलं. “ये ग, सूचनाताई, इथे बस आमच्याजवळ!” झालं, सगळा गट तिला सूचनाताई म्हणू लागला. सहा जणांचं ते टेबल होतं. आत्या, त्यांचा भाचा, निवृत्त डॉक्टर आजोबा, त्यांच्या डॉक्टरीणबाई, ताई आणि एक रिकामी खुर्ची. भाच्याला आत्या ‘लंब्या’ म्हणत. त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं.

“मी रोज सात सूचना पाठ करतोय,” त्याने सुपाचा चमचा हलवत जाहीर केलं. “सात दिवस, सात साते एकोणपन्नास. उतरेपर्यंत पूर्ण.”

“कशाला?”

“दुसरं काही वाचायला आणलं नाही,” तो म्हणाला. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि त्या आत्यांना बरोबर दिसल्या.

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि आपली सूचनाताई आडवी झाली. डेकवरच्या खुर्चीत डोळे मिटून, हिरवीपिवळी होऊन पडली होती बिचारी. कुणीतरी शेजारी येऊन बसलं. हातात एक हिरवं सफरचंद आणि दोन कोरडी बिस्किटं.

“सूचना चौदा,” तो हळूच म्हणाला. “पोट रिकामं ठेवू नये. डोळे मिटू नयेत. लांब... जिथे पाणी आणि आभाळ एक होतं, तिथे बघत राहावं.”

तिने बघितलं. बारीक पाऊस पडत होता, रेघ धूसर झाली होती. मग ती त्याच्याकडे बघत राहिली. तेही उपयोगी पडलं, हे सूचनेत घालायला हवं, असं तिला वाटून गेलं.

तिसऱ्या संध्याकाळी तिला बरं वाटलं आणि तिने चॉकलेटचा एक गोड पदार्थ मागवला. संपल्यावर रिकाम्या बशीकडे बघत बसली.

“सूचना एकवीस!” तो ओरडलाच. “‘दुसऱ्यांदा मागायला लाजू नये. जहाजावर कुणी नाक मुरडत नाही.’ बाई, तुम्हीच लिहिलंय!”

“ते... पाहुण्यांसाठी आहे.”

“मग मी मागतो. दोन चमचे आणा हो!”

एका बशीत दोन चमचे. डॉक्टर आजोबांनी बायकोला कोपराने ढोसलं. ताईला त्या रात्री छान झोप लागली आणि सकाळी उठल्याबरोबर आरशात बघून ती उगीचच हसली. प्रेमात पडायची एवढी साधी तऱ्हा असते हे तिला ठाऊक नव्हतं.

आणि मग चौथा दिवस उजाडला.

त्या दिवशी जहाज एका बंदराला लागणार होतं. सकाळी ताईने सगळ्यांना गोळा करून बजावलं, “नीट ऐका हं. या गावाची वेळ जहाजाच्या वेळेपेक्षा एक तास मागे आहे. जहाज आपल्याच वेळेने चालतं. साडेचारला सगळे परत जहाजावर. साडेचार म्हणजे जहाजाचे! फोनची वेळ आपोआप बदलेल, तिच्यावर जाऊ नका. मनगटावरच्या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही.”

चार वाजून दहा मिनिटांनी ती धक्क्यावर माणसं मोजत होती. अठ्ठावीस. पुन्हा मोजली. अठ्ठावीसच. आत्या नाहीत, डॉक्टर आजोबा नाहीत, डॉक्टरीणबाई नाहीत... आणि तो नाही.

ती धावत सुटली. दोन गल्ल्या ओलांडून चौकात आली, तर चौघेही मोठ्या टॉवरखाली आरामात कॉफी पीत बसलेले.

“या, या ताई!” त्याने हात हलवला. “अजून बक्कळ वेळ आहे!”

तिने आत्यांचं मनगट धरून बघितलं. तीन वाजून अठरा मिनिटं. आजोबांच्या घड्याळातही तीन अठरा. डॉक्टरीणबाईंच्याही!

“अहो, सगळ्यांची घड्याळं एक तास पुढे होती,” तो कौतुकाने म्हणाला. “घड्याळजीच सांगतोय म्हटल्यावर तिघांनी लगेच काढून दिली, मी टॉवरशी ताडून नीट लावली...”

पुढचं तिने ऐकलंच नाही. “धावा!” एवढंच ती ओरडली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. एका क्षणात त्याला सगळं कळलं. त्याने एका हाताने आजोबांना धरलं, दुसऱ्या हातात चौघांच्या पिशव्या घेतल्या. आत्या तर सगळ्यांच्या पुढे पळत होत्या. ते चढले आणि मागोमाग दार बंद झालं. कठड्यावरून लोक टाळ्या वाजवत होते.

ताई त्याच्याकडे वळली. चार माणसं मागे राहिली असती. आणि आजोबांची औषधं इकडे केबिनमध्ये... भीतीचा सगळा राग झाला आणि ती सर्वांदेखत बोलून गेली, “तुमच्यासारख्या माणसाच्या हातात कुणी घड्याळ देऊच नये!”

टाळ्या थांबल्या. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशात टाकलं. “चूक माझीच आहे,” म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो टेबलावर आलाच नाही. आता दोन खुर्च्या रिकाम्या. कुणी सूचनांचे क्रमांक म्हणत नव्हतं आणि सूप नुसतंच सूप लागत होतं.

“ते... जेवत नाहीत का?” तिने शेवटी विचारलं.

“वर जाऊन उभ्याउभ्या गिळतो काहीतरी,” आत्या म्हणाल्या.

“रागावलेत माझ्यावर?”

“रागावला असता तर बरं होतं ग. लाजलाय. बारा वर्षं दुकान चालवतोय, एक माणूस कधी तक्रार घेऊन आला नाही. पहिली तक्रार तुझी.”

ताईने चमचा खाली ठेवला. सहलीचा एकच पूर्ण दिवस उरला होता. मग सगळे आपापल्या वाटेने जाणार, आणि ते बोल तेवढे त्याच्यापाशी राहणार. तिला ते सोसवेना. आणि खरं सांगायचं तर तो नसलेलं टेबलही सोसवेना.

सहाव्या दिवशी तिच्या वेळापत्रकात मिनिटालाही जागा नव्हती. दोन ते तीन, बॅगा बांधण्याची सभा. तीनला बॅगांच्या चिठ्ठ्या वाटणं. सभेत तो मागच्या रांगेत बसला होता, खाली बघत. सगळी माणसं पांगली आणि बरोबर तीनच्या ठोक्याला स्पीकर खरखरला. कप्तान बोलत होते. उद्याच्या बंदराची वेळ एक तास मागे असल्याने जहाजावरची घड्याळंही आत्ता एक तास मागे घ्यावीत. आता दोन वाजले आहेत.

ताईने वेळापत्रक बघितलं. दोन ते तीन होऊन गेलं होतं. तीनची कामं तीनला. मधला हा एक तास कुणाचाच नव्हता. त्यात करायला काही नव्हतं आणि कारणं सांगायलाही काही नव्हतं.

तो डेकच्या टोकाला कठड्याला टेकून उभा होता. चहूकडे लोक मनगटं वर करून काटे मागे घेत होते. त्याच्या रापलेल्या मनगटावर घड्याळाच्या जागी नुसता पांढरा पट्टा होता. तो पट्टा बघून तिला अगदी भरून आलं.

तिने आपलं घड्याळ काढलं आणि त्याच्यासमोर धरलं.

“मला... मागे करता येत नाहीये. करून द्याल?”

त्याने घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे. “माझ्या हातात?”

“तुमच्याच हातात.”

“पण तुम्हीच म्हणाला होतात...”

“चुकले मी. घाबरले होते आणि वाटेल ते बोलले. मला माफ करा आणि... आणि पुन्हा टेबलावर या. सूचना एकवीस.”

“दुसऱ्यांदा मागायला लाजू नये,” तो पुटपुटला. आणि हसला! दोन दिवसांनी हसला. घड्याळ घेऊन त्याने नखाने चावी ओढली, काटा हलक्या हाताने फिरवला. “चावी तर चांगली सैल आहे. तुम्हाला येत नव्हतं म्हणे.”

“मुळीच येत नव्हतं,” ती म्हणाली.

“आता माझंही ऐका. त्या दिवशी मी अठ्ठावीसपर्यंत पोचलो होतो. जहाजाच्या वेळेची सूचना एकोणतिसावी.”

“पण मी सकाळी तोंडीही सांगितलं होतं!”

“हो, सांगत होतात. मी बघत होतो.” तो समुद्राकडे वळला. “वाऱ्याने तुमची बट सारखी तोंडावर येत होती आणि तुम्ही तिच्यावरही रागावत होतात... शब्द एकही कानात शिरला नाही.”

ताईने बट कानामागे सारली. ती लगेच पुन्हा पुढे आली.

“त्या संध्याकाळी बसून उरलेल्या एकवीस एकदम पाठ केल्या,” तो म्हणाला. “पण एका गोष्टीचं उत्तर त्यांत कुठेच नाही. उद्या उतरल्यावर... म्हणजे परवा... म्हणजे रोजच... भेटाल मला? मला तुम्ही फार आवडता हो.”

त्याने तिचा हात धरून घड्याळ मनगटावर बांधलं. तो पट्टा लावायला त्याला, बारा वर्षांच्या कसलेल्या कारागिराला, चांगली पाच मिनिटं लागली. मग दोघं कठड्याशी बसून राहिली. दुकान, ऑफिस, आत्या, तिच्या घरची मांजर, सगळं बोलून झालं. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जिन्यावरून हाका आल्या, “सूचनाताई, तीन वाजले! चिठ्ठ्या?”

“माझी बत्तीस माणसं उतरू देत,” ती घाईने उठली. “मग सांगते.”

सकाळ लख्ख उजाडली. जहाज धक्क्याला लागलं होतं. तपासणीच्या खोलीपाशी आत्या आपली इस्त्री काखोटीला मारून विजयी मुद्रेने उभ्या होत्या. शेजारी तो, नीटनेटका, मनगटावर घड्याळ, पायांत चकचकीत बूट. ताई धक्क्यावर उभी राहून मोजत होती. तीस. एकतीस. आत्या उतरल्या, बत्तीस! एक मोठा श्वास सोडून ती त्याच्याकडे वळली. अंगात कंपनीचा कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात यादी...

“अग, सूचनाताई!” आत्या ओरडल्या. “पायांत काय हे?”

सगळ्यांनी खाली बघितलं. तिनेही बघितलं. पायांत केबिनमधल्या पांढऱ्या कापडी सपाता होत्या. बूट काल संध्याकाळी बॅगेत भरले होते, बॅग कर्मचाऱ्यांनी धक्क्यावर न्यावी म्हणून दाराबाहेर ठेवली होती, आणि आपण त्या वेळी कुठे होतो हे तिला आता काही केल्या आठवेना.

“सूचना क्रमांक अठ्ठेचाळीस,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. “‘बॅग बाहेर ठेवण्यापूर्वी सकाळचे कपडे व पादत्राणे आठवणीने काढून ठेवावीत.’ बाई, काल संध्याकाळी लक्ष कुठे होतं?”

ताईचा चेहरा लालेलाल झाला. पण मान तिने खाली घातली नाही.

“ती इतरांसाठी आहे,” ती म्हणाली.

तो तिच्या सपातांकडे बघत राहिला. “हे... उत्तर समजू का मी?”

“समजा,” ती म्हणाली आणि बत्तीस माणसांदेखत त्याचा हात धरून, सपाता फटक फटक वाजवत, आपली बॅग शोधायला निघाली.