एर्गनेतीच्या तंबूत दोनच पोळ्या

पहिल्याच भेटीत नेस्तानने इनालच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर अख्खा कप चहा सांडला. एर्गनेती गावात, सरहद्दीच्या काटेरी तारेला लागून तंबू ठोकलेला. अलीकडून जॉर्जियाची माणसं यायची, पलीकडून फुटून निघालेल्या दक्षिण ओसेतियाची, आणि मध्ये बसायचे परदेशी मध्यस्थ. ती इकडची दुभाषी, तो तिकडचा.

“युद्ध सुरू केलंत की काय?” त्यानं शर्ट झटकत विचारलं. जॉर्जियन बोलला तेही कसं, अगदी आजीच्या मांडीवर शिकल्यासारखं!

“चहाच आहे हो. वेळेवर शरण आला असतात, तर वाचला असतात.”

झालं! पुढे प्रत्येक बैठकीत साहेब लोक भांडायचे. सरपणासाठी तार ओलांडून पकडल्या गेलेल्या म्हाताऱ्यांवरून, नाहीतर चुकल्या गाईंवरून. आणि हे दोघं ती भांडणं इमानेइतबारे एकमेकांना ऐकवायचे.

“आमचे साहेब म्हणतात, तुम्ही सगळे खोटारडे,” इनाल गंभीरपणे सांगायचा, आणि डोळे मात्र... ते काही साहेबांचं ऐकत नसत. बैठकीखेरीज भेटायची सोयच नव्हती. तार ओलांडली की तुरुंग. बैठका मोडल्या, की यांचंही संपलं.

आणि बैठक मोडायला निघाली ती नेमकी नेस्तानच्या हातून.

त्या दिवशी तिनं इनालच्या आवडीच्या, चीज भरलेल्या तीन ओसेती पोळ्या करून आणल्या. वाटेत चौकीवर पोलीस कुडकुडत उभे होते. बिचाऱ्यांना एक देऊन टाकली. उरलेल्या टेबलावर ठेवल्या मात्र, इनालचा चेहराच पडला. त्याचे साहेब ताडकन उठले.

“दोन? आमच्यात शुभाला तीन, मयताला दोन ठेवतात! आमचं श्राद्ध घालताय?”

पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार, आणि हेच कसं विसरली ती! साहेबांनी कोट उचलला.

“तिसरी मी खाल्ली, साहेब,” इनाल म्हणाला. “बाहेरच. राहवलं नाही.”

“त्यांच्या हातची? चोरून?” साहेब त्याच्याकडे बघतच राहिले, मग धपकन खाली बसले. बैठक झाली, पकडलेले म्हातारे सोडायचं ठरलं. पण उठताना साहेबांनी सुनावलंच, “पुढच्या वेळी दुसरा दुभाष्या आणू. तुझी जीभ फार चटावली आहे.”

तंबूमागे नेस्तान रडवेली होऊन उभी होती. “खोटं कशाला बोललास, वेड्या? आता तुला येऊच देणार नाहीत...”

“म्हातारे आत सडले असते. आणि तू जन्मभर स्वतःला बोल लावत बसली असतीस.” तो अडखळला. “मला तू आवडतेस, नेस्तान... आणि हे साहेबांचं म्हणणं नाही, माझं आहे.”

तारेपलीकडे त्याच्या घराचं छप्पर दिसत होतं. पायी गेलं तर अर्धा तास. तिनं डोळे पुसले.

“लार्सीच्या सरहद्द-नाक्यावरून, डोंगर चढून, मला रशियात व्लादिकावकाझला येता येतं. तूही तुमच्या रशियाकडच्या बोगद्यातून तिथं येशील?”

“अगं, अख्खा दिवस मोडेल तुझा!”

“मोडू दे. पण तुझ्या आईनं विचारलं, मुलगी कुठली, तर काय सांगशील?”

इनाल हसला. “सांगेन — शेजारची.”