चौदावं पान

“हे वाक्य कुणाचं?” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रियदर्शनीला विचारलं.

एम. ए. तत्त्वज्ञानाची तोंडी परीक्षा होती. रोज वळसंगहून एसटीनं सोलापूरला येणारी ही पोरगी नोट्समधला स्वल्पविरामही चुकवत नसे. आत्ताही तिनं घडाघडा म्हटलं होतं — ‘जे खरं असतं, ते बोलून दाखवावं लागत नाही, समोरच्याला ते आपोआप कळतं.’

“सर... नोट्समध्ये आहे. चौदाव्या पानावर.”

“तीस वर्षं शिकवतोय मी. हे कुठल्याच तत्त्वज्ञाचं नाही. बरं, राहू दे. तुम्हाला पटतं का?”

पटतं? हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं!

“चार वाजता या, स्वतःचं मत घेऊन. नाहीतर नापास.”

ती तडक कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरली. अख्खा वर्ग नोट्स तिथूनच घ्यायचा. दुकान गुरु नावाच्या तरुणाचं. तत्त्वज्ञानात बी. ए. करून वडिलांच्या दुकानात उभा राहिलेला, उंच, सावळा, मोजकं बोलणारा.

“चौदावं पान कुणी लिवलंय वो?”

गुरुच्या हातातला गठ्ठा खाली सांडला.

“मी.”

“काय?”

“मूळ पान फाटलं होतं की. दोन वर्षांमागं तुमी पयल्यांदा आला, नोट्स मागितल्या. पान न्हाय म्हटलं असतं, तर दुसऱ्या दुकानात गेला असता... म्हणून बसून टाईप केलं. तुमच्याकडं बघत.”



“आन् आमी सगळ्यांनी ते पाठ केलं?”

“व्हय. कुणीच विचारलं न्हाय, हे कोण म्हणतंय. मला वाटलं, तुमी तरी वळखाल...”

“काय वळखायचं?”

गुरुचे कान लाल झाले. “सगळ्या पोरी मला दादा म्हणत्यात. तुमी तेवढ्या... कदीच म्हटलं न्हाय.”

म्हणजे आज परीक्षकांपुढं आपण चक्क प्रेमपत्र म्हणून दाखवलं? आणि दोन वर्षं पाठ करूनही आपल्याला त्यातलं काडीचंही कळलं नाही!

कळलं नाही... ती थबकली. डोक्यात असा एक विचार आला होता, जो कुठल्याच पानावर नव्हता. ती स्वतःच दचकली आणि पळत सुटली.

“सर, ते वाक्य चूक आहे,” चार वाजता ती धापा टाकत म्हणाली. “खरं असलेलंसुद्धा दोन-दोन वर्षं कळत नाही.”

“उदाहरण?”

“आहे, सर. समोर झेरॉक्सच्या दुकानात उभं आहे.”

परीक्षक पोट धरून हसले.

ती परतली तेव्हा गुरु दारातच होता. “काय झालं?”

“तुमचं वाक्य खोडून पास झाले. आता बोलून दाखवा.”

“तुमी मला... लई आवडता. आन् तुमाला मी?”

“थांबा. विचार करू द्या.”

ती स्टुलावर बसली. वळसंगची एक गाडी गेली, दुसरीही गेली. गुरु घामानं भिजला. आपण याला दादा का म्हटलं नाही? ओठांवर यायचा तो शब्द, आणि दर वेळी आपणच तो मागं ढकलायचो...

“हे पाठ केलेलं न्हाय हां,” ती हळूच म्हणाली. “मला बी तुमी आवडता. पयल्या दिवसापासनं.”